संस्कृत आई की बहीण? क्रियापदांच्या प्रत्ययांना विचारा

रशियन ‘ब्रात’ म्हणजे भ्राता, ‘द्वा’ म्हणजे दोन, ‘त्रि’ म्हणजे तीन, जुन्या आयरिशमधला ‘री’ म्हणजे राजा. अशा याद्या मराठीत इतक्या फिरल्या आहेत की शेवटचा निष्कर्षही पाठ झाला आहे: म्हणून संस्कृत ही युरोपातल्या भाषांची जननी. उलट बाजूचे लोकही तेवढेच ठाम असतात. त्यांच्या मते संस्कृत आणि युरोपातल्या भाषा एकाच कुळातल्या, हे प्रकरणच इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी रचलं. दोघांची भांडणं चालतात ती एकाच पुराव्यावरून, म्हणजे शब्दांच्या यादीवरून. एकाला ती पुरेशी वाटते, दुसऱ्याला फसवी.

यादी फसवी असू शकते हे खरंच आहे. शब्द उसने घेता येतात. फिनिश भाषेत शंभराला ‘सता’ म्हणतात. फिनिश ही मुळी या कुळातली भाषाच नाही, तो शब्द तिने फार पूर्वी इंडो-इराणी, म्हणजे संस्कृत-फारसीच्या घराण्यातल्या, शेजाऱ्यांकडून घेतला. मराठीने ‘टेबल’ घेतलं, ‘हजार’ घेतलं, म्हणून ती इंग्रजीची किंवा फारसीची लेक होत नाही. पण यादी फसवी म्हणून नातंही खोटं, हा निष्कर्ष चुकीचा. नात्याचा पुरावा दुसरीकडे आहे: क्रियापदांना लागणाऱ्या प्रत्ययांत, आणि त्यातही त्या प्रत्ययांच्या अपवादांत. तो नीट तपासला तर दोन्ही बाजूंची पंचाईत होते. नातं पक्कं ठरतं आणि आईपण मात्र टिकत नाही.

यासाठी केल्टिक (आयरिश, वेल्श) आणि स्लाविक (रशियन, पोलिश, चेक) या दोन शाखांइतके चांगले साक्षीदार नाहीत. ग्रीक-लॅटिनचा संस्कृतशी मेळ पहिल्या नजरेतच दिसतो, त्यामुळे तिथे फसायलाही सोपं जातं. आयरिशचं तसं नाही. जर्मन अभ्यासक फ्रान्त्स बोप यांनी 1816 साली क्रियापदांची तुलना करून या शास्त्राचा पाया घातला तेव्हा त्यांच्या पुस्तकाच्या शीर्षकात संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक होत्या. केल्टिक नव्हती, स्लाविकही नव्हती. केल्टिकला त्यांनी 1838 मध्ये बर्लिनच्या अकादमीत हात घातला आणि कास्पार त्सॉइस यांचं केल्टिक व्याकरण 1853 मध्ये आल्यावर तिचं स्थान पक्कं झालं. उशीर का झाला? आयरिश वाक्यात क्रियापद पहिलं येतं, शब्दांची आद्याक्षरं आधीच्या शब्दाप्रमाणे बदलतात, आणि प्रत्यय झिजून एकेका व्यंजनावर आलेले असतात. वरवर पाहणाऱ्याला हे कुटुंबच वेगळं वाटतं.

पुरावा कुठला, तेही सांगायला हवं. जुनी आयरिश आपल्याला 8व्या-9व्या शतकांतल्या टिपणांतून कळते. वुर्झबुर्ग, मिलान आणि सेंट गॅलन इथल्या लॅटिन हस्तलिखितांत आयरिश भिक्षूंनी पानाच्या कडेला आणि ओळींच्या मधे स्वतःच्या भाषेत अर्थ लिहून ठेवले. सेंट गॅलनचं हस्तलिखित तर लॅटिन व्याकरणाचंच आहे. स्लाविकसाठी आधार जुन्या चर्च स्लाव्होनिकचा. सिरिल आणि मेथोडियस 863 साली मोरावियात (आजच्या चेक प्रदेशात) धर्मप्रचाराला गेले तेव्हा तिचं लेखन सुरू झालं. हाती असलेली हस्तलिखितं 10व्या-11व्या शतकांतली आहेत. पुढे ‘जुनी स्लाविक’ म्हटलं आहे ती हीच. तिच्या रूपांत शब्दाच्या शेवटी येणारे ‘इ’ आणि ‘उ’ बहुतेक वेळा अतिऱ्हस्व, जेमतेम ऐकू येणारे, असे समजावेत. चंद्रबिंदू म्हणजे नाकातला स्वर.

आता ‘असणे’. संस्कृत: अस्मि, असि, अस्ति, आणि अनेकवचनी सन्ति. जुनी स्लाविक: येस्मि, येसि, येस्तु, आणि अनेकवचनी सोँतु. प्रत्यय जुळतात हे उघड आहे, पण महत्त्वाची गोष्ट वेगळी. अस्ति आणि सन्ति यांच्यात धातूचा ‘अ’ गळतो. एकवचनात बलाघात धातूवर होता, अनेकवचनात प्रत्ययावर, म्हणून धातूचा स्वर गेला. एमि-इमः, वेद-विद्म ही त्याच नियमाची भावंडं. स्लाविकमध्ये हा नियम जिवंत राहिलेला नाही. तरी ‘येस्तु’चं अनेकवचन ‘सोँतु’च, सुरुवातीचा स्वर नाहीच. जुन्या आयरिशमध्ये ‘इस’ म्हणजे आहे, ‘इत’ म्हणजे आहेत. वेल्शमध्ये ‘आहेत’चं रूप ‘इंत’. बलाघात नसल्यामुळे सुरुवातीचा ‘स’ तिथे गळला, पण मूळ *सेंति असंच मांडावं लागतं (तारा म्हणजे लेखनात न सापडलेलं, अनुमानाने मांडलेलं रूप). कारण विसरलेल्या भाषेने अपवाद मात्र जपलेला असतो. अपवाद उसना घेता येत नाही. ‘आहे’साठी परका शब्द कुणी घेईल, पण ‘अनेकवचनात स्वर गाळायचा’ ही खोड कोण कशाला घेईल?

याहून बळकट दाखला ‘देणे’चा आहे. संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला इथे ठेच लागते: भरति-भरन्ति, पण ददाति-ददति. ‘ददन्ति’ म्हटलं की लाल रेघ. पाणिनीचं सूत्र आहे ‘अदभ्यस्तात्’ (7.1.4): ज्या धातूचं द्वित्व झालं आहे (दा-चं ददा) त्याला अनेकवचनी ‘अन्ति’ नव्हे, ‘अति’ लागतो. म्हणून ददति, जुह्वति, बिभ्रति. नियम पाणिनीने सांगितला. कारण तुलनेतून कळतं. या रूपांत ‘न’ दोन व्यंजनांच्या कात्रीत सापडून स्वतःच स्वरासारखा उच्चारला जायचा आणि संस्कृतात अशा ‘न’चा ‘अ’ होतो. स्लाविकमध्ये अशा ‘न’पासून नाकातला ‘एँ’ निघतो, साध्या ‘ओन्त’पासून नाकातला ‘ओँ’. म्हणजे नातं खरं असेल तर स्लाविकमध्ये ‘भरन्ति’सारख्या क्रियापदांना ‘-ओँतु’ आणि नेमकं ‘देणे’ला ‘-एँतु’ लागायला हवा. प्रत्यक्षात काय आहे? बेरोँतु म्हणजे ‘गोळा करतात’. आणि ‘देतील’ला दादेँतु. एकवचन ‘दास्तु’, जे *दाद्-तु पासून आलं; म्हणजे द्वित्वसुद्धा शाबूत. गंगेच्या खोऱ्यात आणि डॅन्यूबच्या काठी एकच क्रियापद एकाच जागी एकाच तऱ्हेने नियम मोडतं. इंग्रजांनी हे रचलं म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की 10व्या-11व्या शतकांतल्या स्लाविक हस्तलिखितांत जाऊन तो ‘एँ’ कुणी लिहिला?

इथवर वाचून जननीवाल्यांना बरं वाटलं असेल. आता त्यांच्या अडचणीची गोष्ट, पहिल्या पुरुषाचं एकवचन.

‘मी वाहतो’: संस्कृत भरामि. ग्रीक फेरो, लॅटिन फेरो, गॉथिक (जुनी जर्मानिक भाषा) बाइरा, जुनी आयरिश बिरू, जुनी स्लाविक बेरोँ. ‘मि’ फक्त संस्कृतकडे. बाकी सगळीकडे मूळ दीर्घ ‘ओ’ आहे, स्लाविकने त्याला भूतकाळी प्रत्ययातला ‘म’ चिकटवून तो नाकात नेला एवढंच. पण ‘मी आहे’ म्हणताना ग्रीक एइमि, लिथुआनियन एस्मि, स्लाविक येस्मि, आयरिश अम. तिथे ‘म’ सगळ्यांकडे! म्हणजे या भाषांत क्रियापदांचे दोन वर्ग आहेत: धातूला थेट प्रत्यय लागणारा वर्ग ‘मि’ घेतो, मधे स्वर येणारा वर्ग ‘ओ’ घेतो. संस्कृतात दोन्ही वर्गांना ‘मि’.

जननी-सिद्धांत खरा धरला तर ग्रीक, लॅटिन, गॉथिक, आयरिश, स्लाविक या सगळ्यांनी आईकडून ‘मि’ घेतला, मग एकमेकींना न विचारता नेमका त्याच एका वर्गातून टाकला, त्याच जागी तोच ‘ओ’ आणला आणि ‘असणे’ला मात्र ‘मि’ तसाच ठेवला, असं म्हणावं लागतं. उलट मांडणी सरळ आहे: दोन वर्ग हे मूळचे, संस्कृतने ते एकसारखे करून घेतले. आणि याचा साक्षीदार संस्कृतच्या शेजारीच आहे. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातल्या गाथांत, यस्न 44 मध्ये, प्रत्येक कडवं जवळपास ‘तत् थ्वा पॅरॅसा’ने सुरू होतं: हे तुला मी विचारतो. संस्कृतात याचं ‘पृच्छामि’ झालं असतं. गाथांच्या भाषेत नुसता ‘आ’ आहे, ‘मि’ नाही. नंतरच्या अवेस्तात ‘आमि’ दिसू लागतो. म्हणजे इराणी शाखेत हा बदल होताना आपल्याला दिसतोसुद्धा.

या एका प्रत्ययापुरती 8व्या शतकातली आयरिश ऋग्वेदापेक्षा जुनी अवस्था दाखवते. हे वाक्य अनेकांना झोंबेल, पण त्यात संस्कृतचा अपमान नाही. दुसऱ्या पुरुषात उलट घडतं. संस्कृतात भरसि, पण करोषि, ‘इ’, ‘उ’, ‘र’, ‘क’ यांच्या मागून आलेल्या ‘स’चा ‘ष’ होतो, पाणिनीने तो ‘इण्कोः’ आणि ‘आदेशप्रत्यययोः’ (8.3.57 आणि 59) मध्ये बांधला आहे. हाच नियम स्लाविकमध्ये आहे, हे होल्गर पेडरसन यांनी 1895 मध्ये दाखवलं. तिथे या ‘स’चा घशातला ‘ख’ होतो आणि पुढे ‘इ’ आला की त्याचा ‘श’. म्हणून ‘नोसिशि’, तू वाहून नेतोस, हे नियमाप्रमाणे. पण ‘बेरेशि’ नियमाप्रमाणे नाही. ‘ए’नंतर ‘स’ बदलायचं कारण नव्हतं. ‘इ’वाल्या क्रियापदांचा ‘शि’ बाकीच्यांनी उचलला. फक्त ‘येसि’ आणि ‘दासि’ यांसारख्या हट्टी क्रियापदांत जुना ‘स’ राहिला. इथे संस्कृत जुनी, स्लाविक नवी. बहिणींत असंच असतं: आजीचं नाक एकीकडे, डोळे दुसरीकडे.

(स्लाविक तृतीय पुरुषाचा घोळ वेगळाच. मूळ ‘ति’पासून शेवटी अतिऱ्हस्व ‘इ’ यायला हवा. जुन्या रशियनमध्ये तो आहे, युक्रेनियनमध्ये अजून मऊ ‘त्य’ ऐकू येतो, पण चर्च स्लाव्होनिकमध्ये ‘तु’ आहे आणि पोलिश-चेकमध्ये प्रत्ययच नाही. ‘तो’ या सर्वनामाची भर पडली म्हणणारे आहेत, उच्चार कठोर झाला म्हणणारे आहेत. माझ्या मते एका स्पष्टीकरणात हे सगळं बसत नाही.)

आता खरी सावधगिरीची जागा. आजची आयरिश ‘बेरिम’, आजची स्लोव्हेनियन ‘बेरेम’ आणि संस्कृत ‘भरामि’ शेजारी ठेवा. किती सुंदर जुळतं! अशा यादीत हे त्रिकूट पहिल्या नंबरावर शोभेल. आणि ते पूर्णपणे खोटं आहे.

स्लोव्हेनियनच्या पूर्वजाकडे ‘बेरोँ’ होतं, ‘म’ नव्हता. तो आला कसा, याची पायरीन् पायरी सांगता येते. जुन्या स्लाविकमध्ये ‘मि’ घेणारी क्रियापदं पाचच: असणे, देणे, खाणे, जाणणे आणि जवळ असणे. पुढे पश्चिम आणि दक्षिण स्लाविक भाषांत ‘-आये-’चा संकोच होऊन ‘-आ-’ झाला. चेकमध्ये ‘द्येलायेश’, तू करतोस, याचं ‘द्येलाश’ झालं. आता हे रूप ‘दाश’, तू देशील, याच्यासारखं दिसू लागलं. ‘दाश’चं प्रथम पुरुषी रूप ‘दाम’, मग ‘द्येलाश’चं? ‘द्येलाम’. मुलं भाषा शिकताना असंच गणित मांडतात. पोलिशमध्ये ‘चितम’, वाचतो, असंच झालं पण ‘ब्योरँ’, घेतो, जुनंच राहिलं. स्लोव्हेनियनने हा ‘म’ जवळजवळ सगळीकडे नेला. सर्बो-क्रोएशियनमध्ये जुना ‘उ’ फक्त ‘मोगु’ आणि ‘होचु’ या दोघांत उरला. आणि रशियन? तिथे संकोच झालाच नाही, ‘द्येलायेश’ अजून तसंच आहे, म्हणून ‘म’ पसरायला वाटच मिळाली नाही. तो ‘दाम’ आणि ‘येम’ या दोन क्रियापदांपुरता राहिला. कारण जिथे आहे तिथे परिणाम, कारण नाही तिथे परिणाम नाही. शास्त्राकडून याहून जास्त काय मागायचं?

आयरिशची कथा निराळी, शेवट तोच. जुन्या ‘बिरू’ची जागा पुढे ‘बेरिम’ने घेतली. पण आयरिशमध्ये दोन स्वरांमधला साधा ‘म’ टिकत नाही, त्याचा नाकातला ‘व’ होतो. मग हा ‘म’ एवढा ठणठणीत कसा? बहुतेक अभ्यासक तो ‘अम’, मी आहे, या रूपापासून आला असं मानतात; तिथे मूळ ‘स्म’ होतं, त्याचं ‘म्म’ झालं आणि जोड ‘म’ झिजत नाही. म्हणजे संस्कृत, आयरिश आणि स्लोव्हेनियन या तिघींनी वेगवेगळ्या सहस्रकांत, वेगवेगळ्या कारणांनी, ‘मी आहे’सारख्या थोड्या क्रियापदांचा ‘म’ उचलून सगळीकडे लावला. प्रवृत्ती सारखी, वारसा नाही.

म्हणून कुणी जुळणारी रूपं पुढे केली की निदान एवढं विचारावं: हे रूप त्या भाषेच्या सर्वांत जुन्या लेखनात आहे का? आजच्या कोशातलं रूप चालणार नाही. सहाही रूपं मांडली आहेत की सोयीचं एकच? तिथला ध्वनिनियम या रूपाला हाच आकार देतो का? आणि शेजारच्या क्रियापदावरून तो प्रत्यय पसरला नसेल कशावरून? या चाळणीतून ‘ददति-दादेँतु’ पार होतं, ‘भरामि-बेरेम’ पडतं. दिसायला दुसरी जोडी कितीतरी सारखी आहे. डोळ्यांवर विश्वास ठेवण्यातला धोका हाच.

केल्टिकचा सर्वांत गाजलेला प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि तो कसा सुटलेला नाही हे पाहण्यासारखं आहे. जुन्या आयरिशमध्ये ‘वाहतो’ला ‘बेरिद’. पण नकार लावला की ‘नी बेर’. उपसर्ग लावला की ‘दो-बेर’, आणतो. काळ तोच, पुरुष तोच, वचन तेच, तरी प्रत्यय निराळा. क्रियापद वाक्यात अगदी पहिलं असेल तर लांब प्रत्यय, त्याच्या आधी काहीही आलं तर आखूड. वेल्शमध्ये ही व्यवस्था मोडली, पण एका म्हणीत गोठून राहिली: ‘त्रेंगिद गोलुद, नी थ्रेंग मोलुद’, म्हणजे संपत्ती सरते, कीर्ती सरत नाही. ‘त्रेंगिद’ पहिलं आलं म्हणून ‘इद’. नकारानंतर नुसतं ‘थ्रेंग’.

संस्कृत जाणणाऱ्याला लगेच भरति आणि अभरत् आठवतील: वर्तमानाला ‘ति’, भूतकाळाला नुसता ‘त्’. वोल्फगांग माइट यांनी 1963 मध्ये असंच मांडलं की आयरिशची लांब रूपं ‘ति’ची आणि आखूड रूपं ‘त्’ची. मग वर्तमानकाळी नकारात भूतकाळाचा प्रत्यय का? यासाठी वेदातल्या ‘अ’विरहित रूपांचा आधार दिला जातो, जी काळ न सांगता नुसती क्रिया सांगतात आणि ‘मा’बरोबर निषेधाला वापरली जातात. आधार देखणा आहे, पण आयरिशचा नियम जागेवर चालतो, अर्थावर नाही. ही दरी त्याने भरून निघत नाही.

वॉरन काउगिल यांनी 1975 मध्ये दुसरी वाट धरली. वाक्यातल्या पहिल्या शब्दामागे *एस असा एक बिनआघाती निपात (छोटं अव्यय) चिकटायचा. क्रियापद पहिलं असेल तर *बेरेति-एस. निपाताच्या आडोशाने ‘ति’चा काही भाग वाचला, म्हणून ‘बेरिद’. उपसर्ग पहिला असेल तर निपात उपसर्गाला चिकटला आणि मागचं *बेरेति उघड्यावर झिजून ‘बेर’ झालं. याला एक पक्का धागा आहे. आयरिशमध्ये स्वरान्त शब्दानंतरचं व्यंजन मऊ होतं. ‘दो’ हा उपसर्ग मूळचा स्वरान्त, तरी ‘दो-बेर’मधला ‘ब’ मऊ होत नाही. मधे काहीतरी व्यंजन होतं, ते गेलं. काउगिलचा ‘स’ इथे नेमका बसतो.

पुढे किम मकोन, पीटर स्क्रेवर आदींनी आणखी एक दुरुस्ती सुचवली: केल्टिकच्या या बेटांवरच्या शाखेत शब्दान्तीचा ऱ्हस्व ‘इ’ फार लवकर गळाला. त्यामुळे *बेरेतिचं *बेरेत झालं आणि त्याचं ‘बेर’. जिथे मागे निपात होता तिथे ‘इ’ शब्दान्ती नव्हताच, म्हणून राहिला. स्क्रेवर यांनी 1994 मध्ये हे क्रियापदांबाहेरही, ‘विरुद्ध’ आणि ‘सह’ या अर्थाच्या अव्ययांतही दाखवलं. मला हीच मांडणी पटते, कारण एका क्रियापदासाठी बनवलेला नियम दुसरीकडेही काम करू लागला की त्याचं वजन वाढतं. निपात नक्की कोणता, हे त्यानंतरही उरतंच.

मूळ केल्टिकमध्ये ‘ति’ होता हे मात्र आता अनुमान राहिलेलं नाही. स्पेनमध्ये सारागोसाजवळ बोतोर्रीता इथे 1970 साली एक कांस्यपट्ट सापडला. त्यावरच्या केल्टिबेरियन मजकुरात ‘अंबितिसेति’, ‘रोबिसेति’, ‘काबिझेति’ अशी रूपं आहेत, ‘ति’ अख्खा. फ्रान्समध्ये अलीझच्या गॉलिश (तिथली जुनी केल्टिक भाषा) शिलालेखात ‘दुगियोन्ति-यो’ आहे: अनेकवचनी ‘न्ति’ आणि मागे ‘जे’ या अर्थाचा ‘यो’, संस्कृत ‘यः’चा सगोत्र. आयरिशच्या एका झिजल्या ‘द’वरून टुर्नायझन यांच्यासारख्या अभ्यासकांनी जे रूप मांडलं होतं, त्याचा प्रत्यय कांशाच्या पट्टावर कोरलेला जमिनीतून निघाला.

याच झिजेची एक गंमत मराठी वाचकाला घरबसल्या तपासता येते. आयरिश एकवचन ‘बेरिद’मधला ‘द’ श्वासासारखा मऊ आहे. अनेकवचन ‘बेराइत’ असं लिहितात पण तिथला ‘त’ ठाम ‘द’ असा वाचायचा. दोन स्वरांमधला ‘त’ झिजला. ‘न्त’मधल्या ‘न’ने मात्र आपल्या ‘त’ला वाचवलं आणि स्वतः गेला. अभंगांतलं ‘म्हणे’ आणि ‘म्हणती’ पाहा. भणति, भणइ, म्हणे: दोन स्वरांमधला ‘त’ पार गेला. भणन्ति, म्हणती: ‘न’ गेला, ‘त’ राहिला, जसा दन्तचा दात. म्हणजे ‘म्हणती’तला ‘त’ हा ‘भणति’मधला ‘त’ नव्हे. ‘पूर्वी तो रोज नदीवर जाई’ यातलं ‘जाई’ हे ‘याति’चं थेट वंशज, वर्तमान सरून त्याला जुन्या सवयीचा अर्थ आला. आयरिशशी हे साम्य वारशाचं नाही, ध्वनींच्या स्वभावाचं आहे.

आणखी एक साम्य वारंवार पुढे केलं जातं: मराठी ‘ती गेली’, रशियन ‘अना पश्ला’. दोन्हीकडे भूतकाळात ‘ल’, दोन्हीकडे लिंग. यावरून मराठी आणि रशियन सख्ख्या, असं काहींना वाटतं. स्लाविक ‘ल’ हा फार जुना कृदन्त प्रत्यय आहे. मराठीचा ‘ल’ प्राकृतातल्या ‘इल्ल’चा: गत, गअ, त्याला इल्ल, मग गेला. हिंदीने त्याच ‘गत’ला ‘इल्ल’ लावला नाही म्हणून तिथे ‘गया’. संस्कृतात असा भूतकाळी ‘ल’ कुठेच नाही. तो मूळ घरातला असता तर मधली पिढी त्याच्याशिवाय कशी राहिली? आणि उगम वेगळे असल्याची खूण वाक्यरचनेत अजून आहे. ‘त्याने भाकरी खाल्ली’ म्हणताना क्रियापद भाकरीचं लिंग घेतं, कारण संस्कृतचं ‘त’ कृदन्त कर्मणि होतं: खाल्लं गेलेलं. रशियन ‘ऑन स्येल लेप्योश्कू’मध्ये भाकरी स्त्रीलिंगी असूनही क्रियापद पुल्लिंगीच, कारण स्लाविक ‘ल’ कर्तरि होता: खाल्लेला तो. दोन्हीकडे कृदन्ताचं क्रियापद झालं, एवढंच समान.

मुळात हे प्रत्यय आले कुठून? बोप यांचं उत्तर होतं, सर्वनामांतून: ‘मि’ म्हणजे ‘मी’चाच अवशेष, ‘ति’ म्हणजे ‘तो’चा. ही कल्पना अजून लोकप्रिय आहे आणि अर्धी खरी आहे. पोलिशमध्ये प्रत्यय जन्मताना दिसतो: ‘आम्ही गेलो’ला ‘पॉश्लिश्मि’ म्हणा किंवा ‘मिश्मि पॉश्लि’, ‘श्मि’ हा ‘आहोत’चा तुकडा अजून कुठे बसायचं ते ठरवतो आहे. पण तो ‘असणे’चा तुकडा आहे, सर्वनामाचा नाही. द्वितीय पुरुषी प्रत्ययात ‘स’ आहे आणि सर्वनामात ‘त’, हे बोप यांच्या मताला पहिल्यापासून अडलं. आयरिश तर गाडी उलटी चालवते. तिथे ‘आम्ही’चा प्रत्यय ‘मिद’ होता, ‘तामिद’ म्हणजे आम्ही आहोत. पश्चिम आणि उत्तर आयर्लंडमध्ये लोकांनी तो तोडून ‘ता मुइद’ केलं, आणि ‘मुइद’ हे स्वतंत्र सर्वनाम झालं. वेल्शमध्ये ‘माएंत हुइ’, ते आहेत, याचं ‘माएन न्हू’ झालं. प्रत्ययाचा ‘न’ सर्वनामाच्या डोक्यावर जाऊन बसला.

हे सगळं तज्ज्ञांपुरतं ठेवायचं कारण नाही. महाराष्ट्रातली हजारो मुलं आठवीपासून संस्कृत घेतात आणि अस्मि-स्वः-स्मः घोकतात. गुणांसाठी घोकतात, हरकत नाही. पण तुलनेचं अर्धं साहित्य त्यांच्याकडे आधीच पाठ असतं. पाठ्यपुस्तकात एकच पान वाढवावं. त्यावर ‘अस्’ची रूपं आणि शेजारी जुनी स्लाविक, आयरिश, लॅटिन, खाली ददाति-ददति आणि दास्तु-दादेँतु, त्याखाली भरामि, आणि समोर फेरो, बिरू, बेरोँ. द्विवचनाला कंटाळलेल्या मुलांसाठी स्लोव्हेनियनही घ्यावी: तिथे ‘आम्ही दोघं आहोत’ला ‘स्वा’ म्हणतात, संस्कृत ‘स्वः’, आणि ल्युब्ल्यानातली मुलं ‘स्वा, स्ता, स्ता’ अजून बोलतात. आयरिशच्या रकान्यात द्विवचनाची जागा रिकामी राहील. ती तशीच ठेवावी, कुठल्या तरी जवळच्या रूपाने भरू नये. आणि ‘भरामि’च्या ओळीत शिक्षकाने मुलांना आधी स्वतःच विचार करू द्यावा, की सगळ्यांत वेगळं कोण आहे.